आधी ओलावा मोजा, मग भट्टी पेटवा

गॅसिफायर (लाकूड अर्धवट जाळून इंजिनासाठी गॅस बनवणारी भट्टी) नवा घेतलाय ना? मग आधी इंधनाचा ओलावा मोजायला शिका. बहुतेक तक्रारींचं मूळ तिथेच असतं. ढिगाच्या पोटातून १०० ग्रॅम तुकडे काढा. वरचे नकोत, ते कोरडेच असतात आणि फसवतात. १०५ अंश सेल्सिअसला, वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवा. ८२ ग्रॅम उरले तर ओलावा १८ टक्के. २० टक्क्यांच्या वर गेला की भट्टीचा गाभा थंड पडतो, लाकडाच्या धुरातलं चिकट डांबर पुरतं जळत नाही आणि थेट इंजिनाच्या व्हॉल्व्हला जाऊन चिकटतं.

तुकडे साधारण २ ते ५ सेंटिमीटरचे ठेवा. भुसा चाळून टाका, हवा अडते. लांब काटक्या हॉपरमध्ये (वरून इंधन भरायच्या टाकीत) एकमेकींत गुंतून कमान धरतात. खाली पोकळी, वरून मात्र हॉपर भरलेला दिसतो!

लाकडाच्या भट्टीत पेंढा घालायचा मोह आवरा. त्यातल्या पोटॅशियममुळे राख लवकर वितळते आणि जाळीवर काचेसारखी ढेपळं बसतात. भाताच्या तुसात तर १५ ते २० टक्के राखच. तुसासाठी वेगळी भट्टी हवी.

भट्टीच्या गॅसमधल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अलार्म बसवल्याशिवाय काडी लावू नका.