डेव्हिड टुलर कोण? एमई/सीएफएसच्या संदर्भात त्यांचं नाव का येतं?

अमेरिकी पत्रकार, नंतर बर्कलीत सार्वजनिक आरोग्यात डॉक्टरेट. एमई/सीएफएस (क्रॉनिक फटीग सिंड्रोम) या दीर्घ थकव्याच्या आजारात जरा श्रम झाले तरी माणूस दिवसचे दिवस आडवा होतो, तरी ‘मानसिक आहे’ म्हणून हा आजार वर्षानुवर्षं झटकला गेला. टुलर यांनी २०१५ साली या आजारावरच्या उपचारांच्या ब्रिटनमधल्या ‘पेस’ चाचणीची चिरफाड केली. ६४१ रुग्णांच्या या चाचणीचा २०११चा निष्कर्ष होता, हळूहळू व्यायाम वाढवा, फरक पडतो. आता गंमत बघा: शारीरिक क्षमतेचे ६५ किंवा कमी गुण असतील तर रुग्ण म्हणून प्रवेश, आणि नंतरच्या विश्लेषणात ६० गुणांना त्या निकषावर ‘बरा’! म्हणजे तब्येत ढासळूनही पास. टुलर यांची भाषा कधीकधी फारच तिखट असते, पण हा मुद्दा बिनतोड. २०२१मध्ये ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने अशा व्यायामोपचाराची शिफारस काढून टाकली. श्रेय टुलर यांचं एकट्याचं नाही. माहितीच्या अधिकारात चाचणीचे आकडे मिळवायला रुग्णच भांडले.