अशनींचा अभ्यास करून नोकरी मिळेल का?

प्रश्न: मुलगी सांगलीत बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय भूविज्ञान. आकाशातून पडलेल्या दगडांतल्या खनिजांवर पाण्याचा काय परिणाम झाला, यावर पीएचडी करायची म्हणते. यात पोट भरेल का? – एक पालक

उत्तर: नमस्कार. नुसत्या अशनींवरच्या जागा भारतात थोड्या आहेत, हे आधीच सांगतो. पण विषय तिने फार चांगला निवडलाय. जून 2017 मध्ये जयपूरजवळ मुकुंदपुऱ्याच्या शेतात कार्बनयुक्त अशनी पडला. अशा दगडाचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की बारीक गोल दाण्यांत ऑलिव्हिन हे मूळ खनिज कडेकडेने जाऊन तिथे सर्पेंटाइन, म्हणजे पाण्यामुळे बनणारं खनिज, आलेलं दिसतं. भोवतीचा काळा भाग तर बहुतेक चिकणमातीच्या खनिजांचाच. मूळ लघुग्रहात बर्फ होता. ॲल्युमिनियम-26 च्या किरणोत्सारी उष्णतेने तो वितळला आणि पाणी खनिजांत मुरलं. सूर्यमालेच्या पहिल्या काही दशलक्ष वर्षांतली ही घडामोड. 2023 मध्ये बेन्नू लघुग्रहावरून आलेल्या 121.6 ग्रॅम नमुन्यात खारं पाणी आटून राहिलेले क्षारही सापडले.

हे सगळं वाचायचं कसब मात्र इथल्याच दगडांवर शिकता येतं. आपल्या बेसॉल्टमध्येही, म्हणजे काळ्या पाषाणातही, पाण्यामुळे ऑलिव्हिनचं इडिंग्साइट नावाचं तांबूस मिश्रण होतं, पोकळ्यांत झिओलाइट ही पाणी धरणारी खनिजं भरतात. टीवायच्या प्रोजेक्टला तिने जवळच्या खाणीतला ताजा बेसॉल्ट आणि त्याच्याच वरचा मुरूम घ्यावा, दोन्हींचे छेद शेजारी ठेवून तपासावेत. मुलाखतीत असं काम बोलतं.

पुढे जॅम या एमएस्सी प्रवेशपरीक्षेचा भूविज्ञानाचा पेपर देऊन मुंबई किंवा खरगपूरच्या आयआयटीत एमएस्सी करता येईल. पीएचडीसाठी अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा. तिथे अशनींवर कित्येक दशकं काम चाललंय आणि शिष्यवृत्ती मिळते, त्यामुळे घरावर बोजा नाही. मन बदललं तर त्याच एमएस्सीवर यूपीएससीची भूवैज्ञानिकांची परीक्षा देऊन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जाता येतं. म्हणजे पोटाचा निर्णय एमएस्सीनंतरचा. आज तिला अडवू नका.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा: रसायनशास्त्र सुटू देऊ नका. भूविज्ञानाची बरीच मुलं ते टाकून देतात आणि खनिजाचं सूत्र मांडायची वेळ आली की अडतात. पाण्याने खनिजातून काय नेलं, काय आणून ठेवलं, हा तिचा सगळा प्रश्नच रसायनाचा आहे. कॉलेजात सूक्ष्मदर्शकावर तासाबाहेर बसू देतात का, तेही तिला विभागात विचारायला सांगा.