इंग्रजी वाचून कळतं, पण सबटायटल बंद केले की लेक्चर डोक्यावरून जातं. कान कसा तयार करावा?

सबटायटल चालू असताना तुम्ही ऐकत नसता, वाचत असता. तासभराचं अख्खं लेक्चर पाहण्यापेक्षा त्यातली ३ मिनिटं घ्या आणि ती कागदावर उतरवून काढा.

त्यासाठी माणसाने तयार केलेलं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे बोललेलं शब्दशः लिहून ठेवलेलं, असलेलंच लेक्चर निवडा. येल विद्यापीठाच्या 'ओपन येल कोर्सेस'मध्ये ते फुकट मिळतं. पॉल ब्लूम यांचं मानसशास्त्र सुरुवातीला घ्या. यूट्यूबच्या आपोआप बनलेल्या सबटायटलवर विसंबू नका. नावं आणि पारिभाषिक शब्द त्यात हमखास चुकतात आणि तुमचं बरोबर असलेलं तुम्हीच खोडता. आयआयटींच्या 'एनपीटेल' या ऑनलाइन उपक्रमाची लेक्चर्स अभ्यासाला उत्तम, पण तिथले उच्चार आपल्याच वळणाचे, त्यामुळे परदेशी बोलण्याचा सराव होत नाही.

सबटायटल बंद ठेवून ती ३ मिनिटं आधी सलग ऐका. मग एकेक वाक्य थांबवून लिहा. यूट्यूबवर कीबोर्डचा डावा बाण ५ सेकंद मागे नेतो. पाच वेळा ऐकूनही कळलं नाही तर जागा रिकामी सोडा आणि पुढे जा. शेवटी ट्रान्सक्रिप्टशी ताडून लाल पेनने दुरुस्त करा.

खरा अभ्यास या लाल खुणांचा. बघाल तर निसटलेले बहुतेक शब्द पहिलीपासून येणारेच असतात. मराठीत आपण प्रत्येक अक्षर स्पष्ट उच्चारतो. इंग्रजीत जोर असलेले शब्द लांबतात आणि 'ऑफ', 'टू', 'हॅव' मधल्या मध्ये चेपले जातात. 'व्हॉट आय वॉन्ट टू डू' हे 'वडाय वॉना डू' असं येतं. आपला कान 'ऑफ'ची वाट बघत बसतो, आणि येतो नुसता 'अव', कधी तर फक्त 'अ'. 'कॅन' आणि 'कान्ट' इथे तर अर्थच उलटा होतो. अमेरिकन बोलण्यात 'कान्ट'चा उच्चार 'कॅन्ट' होतो आणि त्यातला ट बरेचदा ऐकूच येत नाही. 'आय कन डू इट' म्हणजे करू शकतो; 'कॅन'वर ठसठशीत जोर आला, तर बहुधा नकार. तिथे ट शोधू नका, स्वर ऐका.

वेग कमी करण्याचा मोह होतो, पण गाळलेला आवाज हळू लावल्याने परत येत नाही. अडलेल्या तुकड्यापुरता ०.७५ ठेवा, बाकी सगळं मूळ वेगात. इअरफोन लावाच; फोनच्या स्पीकरवर शब्दाच्या शेवटचा 'स' निसटू शकतो आणि अनेकवचन कळत नाही.

दुरुस्तीनंतर तीच वाक्यं वक्त्याबरोबर मोठ्याने म्हणा, त्याच्याच लयीत, आणि मग कागद बाजूला ठेवून पुन्हा ऐका. या सगळ्याला ४० मिनिटं सहज लागतात. एकाच प्राध्यापकाची आठ-दहा लेक्चर्स अशी झाली, की त्याच साइटवरचे बेन पोलाक घ्या. विषय गेम थिअरी, उच्चार ब्रिटिश. पहिले काही दिवस पुन्हा लाल खुणा वाढतील, तेव्हा ३ ऐवजी २ मिनिटंच घ्या.