संरक्षण कराराच्या वाटाघाटीला बसताना
सार्वभौमत्वावर भाषणं ठोकत बसू नकोस, थेट कलमांत शिर. नाटो या लष्करी युतीच्या १९४९ च्या कराराचं कलम ५ काढून वाच. एकावरचा हल्ला तो सगळ्यांवरचा, एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण मदत किती नि कशी, हे ज्याला त्याला आवश्यक वाटेल त्यावर सोडलंय. सैन्य पाठवायलाच हवं असं तिथे नाही. कलम ११ तर अंमलबजावणी प्रत्येकाच्या घटनात्मक प्रक्रियेनुसारच ठेवतं. तुझ्या संसदेचा हक्क त्यातच शाबूत राहतो, तेवढ्यावर अडून बस. खरी डोकेदुखी तुझ्या भूमीवरच्या मित्रदेशाच्या लष्करी तळांची: परक्या सैनिकाने गुन्हा केला तर खटला कुणाच्या कोर्टात? हे आधी मिटव, मित्रदेश रुसला तरी चालेल. बाहेर पडायची मुदतही लिहून घे. नाटोत नोटिशीनंतर एक वर्ष आहे.