वॉरंटी संपली, सामायिक बोअरची मोटर जळाली: खर्च कुणी द्यायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. निपाणीजवळ तिघा भावांत एक बोअर. त्यात साडेसात एचपीची थ्री फेज पाणबुडी मोटर, पंधरा महिन्यांपूर्वी कोल्हापुरातून आणलेली. वर्षाची वॉरंटी संपली आणि आता मोटर जळाली. दुकानदार हात वर करतोय. थोरले म्हणतात, तिघांनी सारखे पैसे काढा. धाकटे म्हणतात, माझी एकच एकर, तीही जिरायतासारखीच, मी तिसरा हिस्सा का भरू?

दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, पण दोघेही घाई करताहेत. मोटर कशानं जळाली हे कळल्याशिवाय पैसे कुणाचे हे ठरत नाही. आणि कारण कळायची संधी एकदाच मिळते. वायंडिंगवाल्यानं जुनी तार उपसून भंगारात टाकली की पुरावा गेला. म्हणून वाटणीचा वाद चार दिवस बाजूला ठेवा.

आधी वरच्या वर तपासा. मेन बंद करून स्टार्टरमधून केबलची तिन्ही टोकं सोडवा. मल्टिमीटरनं दोन-दोन टोकांतला रेझिस्टन्स बघा. तिन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. मग ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून प्रत्येक टोक आणि अर्थ यांच्यामध्ये मोजा. अर्ध्या मेगओहमच्या खाली आलं तर कुठंतरी पाणी शिरलंय किंवा इन्सुलेशन गेलंय. आता मोटर बोअरमधून ओढा, पण वर आल्यावर लगेच गाडीत घालू नका. जॉइंटच्या खाली केबल कापून केबल वेगळी आणि मोटर वेगळी मेगर करा. बऱ्याचदा मोटर ठणठणीत असते आणि नुसता टेपचा जॉइंट भिजलेला असतो. असं निघालं तर वायंडिंगचा खर्चच वाचला. ज्यानं तो जॉइंट केला त्याला बोलावून फुकट करून घ्या, कारण चांगला केलेला जॉइंट सव्वा वर्षात भिजत नाही.

मोटरच गेली असेल तर उघडायच्या आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून तक्रार क्रमांक घ्या. वॉरंटी संपलेली असली तरी घ्या. बाहेरच्या मिस्त्रीनं उघडलेल्या मोटरकडे कंपनी ढुंकूनही बघत नाही. त्यांचा माणूस येत नसेल तर तसं मेसेजवर लिहून मागा, मग तिघा भावांसमोर मोटर उघडा. नेमप्लेट, सीरियल नंबर, वायंडिंग, थ्रस्ट बेअरिंग (पंपाचा भार पेलणारं) आणि इंपेलर (पाणी ढकलणारी चकती) यांचे फोटो काढा.

आत काय दिसतं त्यावर पुढचं सगळं आहे. स्टार जोडणीच्या वायंडिंगमध्ये दोन फेज काळे आणि एक कोरा, किंवा डेल्टा या दुसऱ्या जोडणीत एक काळा आणि दोन कोरे, असं दिसलं तर मोटर दोन फेजवर चालली. टीसीवर (ट्रान्सफॉर्मरवर) फ्यूज उडाला असेल, किंवा सिंगल फेजच्या वेळेत, म्हणजे पूर्ण थ्री फेज नसताना, कुणीतरी कंडेन्सर (कपॅसिटर) लावून मोटर चालवली असेल. हा कंडेन्सरचा उद्योग आपल्या भागात गावोगाव चालतो, आणि पाणी मिळतंय म्हणून कुणी काही बोलत नाही. तिन्ही फेज सारखेच काळे असतील तर ओव्हरलोड, कमी व्होल्टेज किंवा मोटर जाम होणं. ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा) सेट बरोबर होता की डायरेक्ट केला होता, म्हणजे वगळून टाकला होता, ते स्टार्टर उघडून बघा. लाईट येताच मोटर आपोआप सुरू करणाऱ्या ऑटो स्विचचाही यात हात असतो. लाईट आली की फीडरवरच्या सगळ्या मोटरी एकदम उठतात, व्होल्टेज बसतं, आणि मोटर सुरू होताना जास्त वेळ जड करंट खाते.

एखाद्याच कॉइलमध्ये खाचेतल्या खाचेत छोटा जळका ठिपका आणि बाकी वायंडिंग नव्यासारखं, हे मात्र वेगळं प्रकरण. इथे तारेचं इन्सुलेशन किंवा आतला जॉइंट मुळातच कच्चा असू शकतो. वीज पडूनही असं होतं, म्हणून त्या आठवड्यात वळीव झाला होता का, शेजारच्या मोटरी गेल्या का, हे विचारून घ्या.

थ्रस्ट बेअरिंगचा कार्बन झिजून काळा पडला असेल तर मोटर कोरडी चालली, किंवा बसवतानाच आत स्वच्छ पाणी भरून हवा काढली नव्हती. पहिल्यात बोअरचं पाणी खाली गेलं असताना मोटर चालवणारा जबाबदार, दुसऱ्यात बसवणारा मिस्त्री. इंपेलर आणि बाउल वाळूनं खाल्लेले असतील तर तो बोअरचा दोष. त्याला ना कंपनी जबाबदार, ना कुणी एक भाऊ.

आता पैशाकडे येऊ. आपल्याकडे कर्नाटकात दहा एचपीपर्यंत शेतीपंपाची वीज फुकट आहे, त्यामुळे कोण किती तास मोटर चालवतो याचा हिशेब कुणी ठेवत नाही. दुरुस्ती हाच एकमेव खर्च समोर येतो आणि सगळं भांडण त्यावर निघतं. माझ्या मते बिल दोन भागांत फोडावं. मोटर ओढणं-सोडणं, केबल, पाइप, जॉइंट हा खर्च बोअर आहे म्हणून होतो. तो मालकीच्या हिश्शानं. वायंडिंग, बुश, बेअरिंग, इंपेलर हे चालून झिजतात. ते वापराच्या तासांवर. तास लिहिलेले नसतील तर पिकावरून अंदाज बांधा. उसाच्या एकराला आणि सोयाबीनच्या एकराला सारखं पाणी लागत नाही, म्हणून नुसती एकरं मोजू नका. गेल्या हंगामात पाळी कुणाची किती वेळा आली ते मोजा.

समजा सगळं बिल १८,००० रुपये झालं. त्यात ६,००० ओढण्या-सोडण्याचे आणि केबलचे, म्हणजे प्रत्येकी २,०००. उरलेले १२,००० वापरावर, आणि पाळीचं प्रमाण ३:२:१ असेल तर ६,०००, ४,००० आणि २,०००. म्हणजे थोरल्यांचे ८,०००, मधल्यांचे ६,०००, धाकट्यांचे ४,०००. धाकटे पूर्ण सुटत नाहीत आणि तिसरा हिस्साही भरत नाहीत. बहुतेक घरांत यावर मान्यता होते.

पण एका भावानं कंडेन्सर लावून किंवा रिले डायरेक्ट करून मोटर जाळली हे समोर दिसत असेल तर हे गणित लागू नाही. ओढण्या-सोडण्याचा खर्च पूर्ण त्याचा. वायंडिंगचा मात्र पूर्ण त्याच्या माथी मारू नका. मोटर पाच-सहा वर्षांची असती तर वायंडिंग आज ना उद्या करावंच लागणार होतं, अशा वेळी निम्मं त्याचं आणि निम्मं वापरावर धरणं रास्त. तुमची सव्वा वर्षाचीच आहे, म्हणून बहुतांश भार त्यानंच उचलावा.

दुकानदाराचं काय? आधी कार्ड नीट वाचा. पंपांची वॉरंटी बऱ्याचदा ‘बसवल्यापासून बारा महिने किंवा कंपनीतून निघाल्यापासून अठरा महिने, जे आधी संपेल ते’ अशी असते. दुकानात आठ महिने पडून राहिलेली मोटर घेतली तर तुमच्या हाती दहाच महिने उरतात, आणि हे विकताना कुणी सांगत नाही. वॉरंटीच्या आत याच दोषाची तक्रार केली होती का, हेही आठवा. मोटर ट्रिप होतेय म्हणून तेव्हा फोन केला असेल आणि तक्रार क्रमांक असेल, तर दोष वॉरंटीतच सुरू झाला असं म्हणता येतं.

मुळातला उत्पादन-दोष असेल तर वॉरंटीची तारीख उलटली एवढ्यानं कंपनी सुटत नाही, पण दोष मुळातला होता हे दाखवावं लागतं. इथेच ते फोटो, जळकी कॉइल आणि तक्रार क्रमांक कामी येतात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवून तपासून घेऊ शकतो, म्हणून जळकं वायंडिंग पोत्यात बांधून घरी ठेवा.

सीमाभागातल्या माणसांना एक गोष्ट माहीत नसते. माल कोल्हापुरात घेतला म्हणून कोल्हापूरला खेटे घालायची गरज नाही. या कायद्यात तक्रारदार जिथं राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे तुम्हाला बेळगावच्या जिल्हा आयोगात. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची, आणि ऑनलाइनही भरता येते. शेती हा व्यापारी वापर आहे असं समोरचा वकील म्हणेल. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः वापरलेली वस्तू त्यातून वगळली आहे. बिल थोरल्यांच्या नावावर असेल तर तक्रार त्यांच्या नावानं करा. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून बघा, कधी कधी तेवढ्यावर कंपनी निम्म्या खर्चाला तयार होते. नुसती पक्क्या बिलाची पावती नाही म्हणून बरीच प्रकरणं पहिल्या पायरीवरच बसतात; थोडे पैसे वाचवायला बिनबिलाची मोटर घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आपली वीज कंपनी हेस्कॉम, तिच्याकडून भरपाई मिळेल का, असंही विचारलंय. फेज गेल्याची तक्रार १९१२ वर आणि सेक्शन ऑफिसात लेखी, आरआर नंबर (वीज जोडणीचा क्रमांक) घालून नक्की द्या, टीसी दुरुस्त व्हायला तिचा उपयोग होतो. मोटरच्या पैशांची आशा मात्र फार धरू नका. सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारा) का लावला नव्हता, हा पहिला प्रश्न तुम्हालाच येईल.

जमीन वाट्यानं दिलेली असेल तर हिशेब बदलतो. मोटर, पाइप, वायंडिंग मालकाचं, आणि फ्यूज, काँटॅक्ट, ग्लँडची दोरी (पाणी गळू नये म्हणून भरतात ती) असला किरकोळ खर्च कसणाऱ्याचा, ही आपल्याकडची चाल ठीक आहे. मोटर भाड्यानं आणलेली असेल तर करार कायद्याप्रमाणे तिच्यात आधीपासून असलेल्या दोषाचं नुकसान भाड्यानं देणाऱ्याकडे जातं, त्याला तो दोष माहीत नसला तरी. भाड्यानं घेणाऱ्यानं साधारण समंजस माणूस स्वतःच्या मोटरीची घेतो तेवढी काळजी घ्यायची, त्यापलीकडे त्याच्यावर बोजा नाही.

पुढच्या वेळी हा वाद होऊ नये म्हणून स्टार्टरवर एक अवर मीटर (मोटर किती तास चालली ते मोजणारं) बसवा. काही शे रुपयांची वस्तू आहे. मोटर सुरू करताना आणि बंद करताना आकडा वहीत लिहायचा, पुढे नाव. सोबत सिंगल फेज प्रिव्हेंटर आणि ड्राय रन प्रोटेक्टर (पाणी संपलं की मोटर थांबवणारा) लावा, आणि ते बायपास करणाऱ्याची दुरुस्ती पूर्ण त्याच्यावर, असं एका कागदावर तिघांच्या सह्यांनी लिहून ठेवा. स्टँप पेपर लागतोच असं नाही, पण त्यावर केलेलं असलं की घरात जास्त मानलं जातं, हे खरं.

वायंडिंगवाल्याकडून सहा महिन्यांची लेखी हमी मागा, तोंडी नको. मोटर सोडण्यापूर्वी ती स्वच्छ पाण्यानं भरताना स्वतः उभे राहा. सोडून झाल्यावर क्लॅम्प मीटरनं तिन्ही फेजचा अँपियर मोजा आणि स्टार्टरच्या दाराच्या आतल्या बाजूला तारखेसह मार्करनं लिहा. तिन्हींच्या सरासरीपासून कुठलाही फेज पाच टक्क्यांहून जास्त दूर असेल तर केबलची तिन्ही टोकं क्रमानं एकेक घर पुढं सरकवून परत मोजा; असं केल्यानं फिरण्याची दिशा बदलत नाही. जास्तीचा अँपियर त्याच केबलच्या टोकाबरोबर सरकला तर दोष मोटरीत किंवा केबलमध्ये, आणि लाईनच्या फेजलाच चिकटून राहिला तर टीसीकडून. पहिल्यात मिस्त्रीचे उरलेले पैसे तिथंच थांबवा.