नोकरी सांभाळून दिवाळी अंकासाठी कथा वेळेत पूर्ण करायची तर रोज किती वेळ द्यावा?

तुम्ही लिहिलंय की दरवर्षी कथा सुरू होते, तीन-चार पानांवर अडकते आणि तोवर अंकांची मुदत उलटून जाते. रोज चाळीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, एवढा वेळ पुरतो. कथा अडकते ती वेळेअभावी नाही, रोज पहिल्या पानापासून वाचत आणि दुरुस्त करत बसल्यामुळे. पहिलं पान गुळगुळीत होतं आणि पाचवं कधी उजाडतच नाही.

आधी हिशोब करू. दिवाळी अंकातली साधारण कथा अडीच ते चार हजार शब्दांची असते. फुलस्केपच्या एका पानावर हाताने अडीचशे ते तीनशे शब्द बसतात. एका बैठकीत एक पान धरलं, तर साडेतीन हजार शब्दांचा कच्चा खर्डा तीन आठवड्यांत होतो. त्यातला बराचसा मजकूर पुढे कापावा लागणार, म्हणून चार आठवडे धरा.

बहुतेक अंकांची साहित्य घेण्याची मुदत जून-जुलैत संपते, काहींची ऑगस्टपर्यंत जाते. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, चित्रं, जाहिराती, छपाई हे सगळं त्यानंतर व्हायचं असतं. त्यामुळे गणपतीत जाग येऊन उपयोग नाही. संक्रांत झाली की बसा आणि फेब्रुवारीअखेर खर्डा संपवा. मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा आणि ऑफिसचं इयर-एंडिंग असतं, तेव्हा वही कपाटात ठेवलेलीच बरी. एप्रिलमध्ये पुनर्लेखन. मे महिना लग्नांचा आणि पाहुण्यांचा, त्यात नवं लिहायचा बेत आखू नका, फक्त टायपिंग करा.

बैठकीची चाळीस मिनिटं अशी: पहिली पाच मिनिटं फक्त कालचा शेवटचा परिच्छेद वाचायचा, त्याच्या मागचं पान उलटायचं नाही. मग तीस मिनिटं लिहायचं. उरलेल्या पाच मिनिटांत पुढे काय घडणार ते दोन ओळींत टिपून ठेवायचं. ही टीप चुकवू नका, दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदाकडे बघत जाणारी पंधरा मिनिटं तिच्यामुळेच वाचतात. एखादी माहिती हवी असेल, म्हणजे १९७२च्या दुष्काळी कामांवर मजुरी किती मिळायची वगैरे, तर तिथे फुली मारून पुढे जा. ते शोधायला फोन उघडला की ती बैठक गेलीच म्हणायची. आणि एखादा दिवस बुडाला तर दुसऱ्या दिवशी दोन पानांचं ओझं घेऊ नका. थकबाकी साचली की माणूस वही उघडायचंच टाळतो.

हजार-बाराशे शब्दांवर कथा थांबते, त्याचं कारण बहुधा एकच असतं: पात्रांची ओळख करून देऊन झालेली असते आणि कुणालाच काही हवं नसतं. दुसऱ्या पानावर ‘तिला आठवलं’ असं येऊन पुढची तीन पानं भूतकाळात गेली असतील तर हमखास हेच झालंय. अशा वेळी मधला भाग सोडा आणि शेवटचा प्रसंग आधी लिहा. मग तिथवर पोचायला कोणते दोन-तीन प्रसंग लागतात एवढंच बघायचं. आठवणींपैकी शेवटाला ज्याची गरज आहे तेवढंच ठेवा.

खर्डा संपल्यावर किमान तीन आठवडे वही उघडू नका. (मार्च तसाही हातचा गेलेला असतो, तो इथे कामी येतो.) मग मोठ्याने वाचा, जीभ अडखळते तिथे खूण करा, पण दुरुस्ती पूर्ण वाचून झाल्यावरच करा. एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी ठरवून टाका: निवेदन ‘झालं, केलं’ असं लिहिणार की ‘झाले, केले’ असं. नवोदितांच्या कथांत दोन्हींची सरमिसळ फार दिसते, आणि साडेतीन हजार शब्दांत ती नंतर निस्तरणं कंटाळवाणं काम आहे. पात्रांची नावं, वयं, नाती वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा, म्हणजे आत्याची मध्येच मावशी होणार नाही.

टायपिंग युनिकोडमध्येच करा, म्हणजे कुठल्याही फोनवर-संगणकावर नीट दिसणाऱ्या अक्षरांत. फोनवर बोलून टाइप केलं तर वेग चांगला मिळतो, पण विरामचिन्हं बहुतेक हाताने द्यावी लागतात आणि ‘ल’-‘ळ’, गावांची नावं, बोलीतले संवाद बिघडतात. तपासायला दोन बैठका वेगळ्या ठेवा. पाठवताना वर्ड फाइलसोबत पीडीएफही जोडा. अंकाची जुळणी जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये होत असेल तर रूपांतरात ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ असे शब्द मोडतात, आणि मूळ काय होतं ते जुळणी करणाऱ्याला पीडीएफमध्ये दिसतं. एका वेळी एकाच अंकाकडे पाठवा. महिना-दीड महिन्यात काहीच कळलं नाही तर एकदा विचारा, आणि दुसरीकडे देणार असाल तर आधीच्या संपादकांना तसं कळवूनच द्या.