बातमी दादरची, बघणारा परळचा. मग चॅनेलच्या गच्चीवर एवढी मोठी डिश कशाला?

तुम्ही विचारलंय की मुंबईतल्या मराठी न्यूज चॅनेलच्या गच्चीवरच्या डिश घरच्यापेक्षा एवढ्या अवाढव्य का असतात, आणि बातमी इथलीच, प्रेक्षकही इथलाच असताना सिग्नल अवकाशात धाडायचा खटाटोप का. मी अशाच एका चॅनेलच्या अर्थ स्टेशनवर, म्हणजे उपग्रहाशी सिग्नलची देवाणघेवाण करणाऱ्या केंद्रावर, काम करतो. आधी दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो, म्हणजे पहिला सोपा जाईल.

मनोऱ्यावरून थेट घरच्या अँटेनाला टीव्ही दाखवायची मुभा आपल्याकडे फक्त दूरदर्शनला आहे. वरळीचा मनोरा त्यासाठीच. खासगी चॅनेलला केबलवाले आणि डीटीएच कंपन्या यांच्यामार्फतच घरात शिरावं लागतं, आणि हे केबलवाले काही फक्त मुंबईत नसतात. सावंतवाडीत असतात, लातुरात असतात, गडचिरोलीतही. प्रत्येकापर्यंत वेगळी लाइन टाकत बसण्यापेक्षा सिग्नल एकदाच वर सोडायचा, ज्याला हवा तो आपल्या छत्रीने उतरवून घेईल. म्हणून दादरची बातमी परळला पोचते ती विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंच असलेल्या उपग्रहावरून. वर जाऊन खाली यायला जेमतेम पाव सेकंद. अँकरने प्रश्न विचारल्यावर रिपोर्टर क्षणभर नुसताच बघत राहतो, त्याला हेही एक कारण असतं. २००० सालापर्यंत तर खासगी चॅनेलला देशात स्वतःचं अपलिंक, म्हणजे सिग्नल वर पाठवायची सोय, उभारताच येत नव्हतं. कार्यक्रमांच्या टेपा विमानाने हाँगकाँगला जायच्या.

केबलवाल्याचं स्वतःचं लोकल चॅनेल, ज्यावर गल्लीतलं गणपती विसर्जन आणि क्लासच्या जाहिराती दिसतात, त्याला मात्र यातलं काहीच लागत नाही. ते त्याच्या कंट्रोल रूममधून सरळ वायरीत सोडलेलं असतं.

आता आकार. घरची डिश साधारण ६० सेंटिमीटरची, आणि ती केयू बँड नावाच्या रेडिओ लहरींच्या पट्ट्यावर चालते. तिथे लहर अडीच सेंटिमीटर लांबीची. केबलवाल्यांना जाणारा सिग्नल बहुतेक करून सी बँड या दुसऱ्या पट्ट्यावर असतो, तिथे उतरणारी लहर साडेसात सेंटिमीटरची. लहर लांब झाली की डिशही मोठी लागते, नाहीतर तिची नजर फाकते. ६० सेंटिमीटरच्या डिशला सी बँडवर आठ-नऊ अंशांचं आकाश दिसेल, आणि उपग्रह एकमेकांपासून दोन-तीन अंशांवर. सगळ्यांचा कालवा एकदम ऐकू येणार. केबलवाल्याची बारा फुटी छत्री दीड अंशाच्या आत बघते. आम्हाला तर सिग्नल वरही पाठवायचा असतो. आमची पॉवर शेजारच्या उपग्रहावर सांडली तर दुसऱ्याचं चॅनेल बिघडतं आणि फोन खणखणायला लागतात. म्हणून अपलिंकची डिश सात मीटरच्या घरात, नजर जेमतेम अर्ध्या अंशाची.

मग सगळं केयूवरच का नाही? पाऊस. जुलैत घरचा सेट टॉप बॉक्स 'सिग्नल नाही' म्हणत बसतो तेव्हा सी बँड ढिम्म असतो. पण ओबी व्हॅनच्या, म्हणजे घटनास्थळावरून थेट प्रक्षेपण करणाऱ्या गाडीच्या, टपावरची डिश केयूची. हिंदमाताला गुडघाभर पाणी साचतं, रिपोर्टर खऱ्या छत्रीखाली उभा राहतो आणि नेमकी तेव्हाच लिंक धापा टाकते. हल्ली मोबाइल सिमवर चालणारी बॅकपॅक हाताशी असते, म्हणून निभावतं.

शेजारी उंच इमारत उठून डिशच्या आड आली तर काय, असंही लोक विचारतात. उदाहरणार्थ, जीसॅट-३० हा उपग्रह ८३ अंश पूर्वेला आहे. मुंबईतून तो आग्नेय-दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ६५ अंशांवर येतो. म्हणजे ५० मीटरवरची इमारत आडवी यायची तर ती आमच्या गच्चीपेक्षा शंभरेक मीटर उंच असावी लागेल. परळ-लोअर परळमध्ये हे अशक्य नाही, हा भाग वेगळा. खरा वैताग खारी हवा. नटबोल्ट गंजतात, एलएनबीच्या, म्हणजे डिशसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीच्या, कनेक्टरमध्ये पाणी शिरतं. मे महिन्यात एकेका जोडावर रबरी टेप ताणून गुंडाळायची आणि फीडच्या, म्हणजे सिग्नल जिथून सुटतो किंवा जिथे गोळा होतो त्या डिशसमोरच्या तोंडाच्या, दांड्यांवरचं कावळ्याचं घरटं, तारांच्या तुकड्यांसकट, उतरवायचं.

यात सूर्याचाही त्रास असतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला तो बरोबर उपग्रहाच्या मागे येतो, आणि त्याच्या गोंगाटात सिग्नल काही मिनिटं बुडतो. काही दिवस रोज हेच, त्या उपग्रहासाठी दुपारी बाराच्या आगेमागे. डिश जितकी मोठी तितकी ही वेळ कमी.

एक लक्षात घ्या, गच्चीवर दिसणारी प्रत्येक डिश वर पाठवणारी नसते. बरेच चॅनेल आपला सिग्नल फायबरने दुसऱ्याच्या टेलिपोर्टला, म्हणजे अनेकांचे सिग्नल वर पाठवणाऱ्या केंद्राला, देतात. ओळखायचं तर मागची बाजू बघा. जाळीची असेल आणि एलएनबीतून बारीक केबल निघत असेल, तर ती फक्त घेणारी. भरीव असेल, फीडपर्यंत मनगटाएवढी जाड धातूची नळी गेली असेल आणि भोवती कुंपण असेल, तर ती पाठवणारी. तिच्या तोंडासमोर सेल्फी काढायला उभे राहू नका, वॉचमन ओरडेल आणि ते बरोबरच आहे.